ट्रेलरची पहिली नोंद: आगामी चित्रपटाची झलक कशी पाहावी आणि तिच्यावर कसे लिहावे

काही वर्षांपूर्वी एका मराठी चित्रपटाचा ट्रेलर पाहून मी घरातील सात माणसांना फोंड्याहून पणजीला नेले. अडीच मिनिटांच्या त्या ट्रेलरमध्ये सहा विनोद होते, ढोलकी होती आणि शेवटी नावाची पाटी पडल्यावर सासऱ्याच्या तोंडी एक टोमणा होता. चित्रपट मात्र एका मुलाच्या आजारपणाचा निघाला. ते सहाही विनोद पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत संपले. मध्यंतरात आत्या पदराने डोळे पुसत एवढेच म्हणाली, “अरे, तू हसायला नेतो म्हणाला होतास ना?” चित्रपट वाईट नव्हता, किंबहुना चांगलाच होता. चूक माझी होती. ट्रेलरने जे दाखवले नव्हते ते मी माझ्या मनाने भरून घेतले होते आणि ते चित्रपटाच्या नावावर खपवून सात तिकिटे काढली होती.

त्यानंतर मी एक वही घातली. ट्रेलर पाहिला की डाव्या पानावर नोंद करायची, चित्रपट पाहिला की उजव्या पानावर. पुढे फोंड्यातील आमच्या वाचनगटातील चार-पाच जणांनी तोच परिपाठ धरला. वहीतून आम्हाला एक गोष्ट पक्की कळली: पहिला अभिप्राय हा ट्रेलरबद्दलचा अभिप्राय असतो, चित्रपटाबद्दलचा नव्हे, आणि ही सीमारेषा लिहिताना पाळली, तरच तो अभिप्राय दुसऱ्याच्या उपयोगाचा होतो. ती कशी पाळावी, याची आमची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

आधी समोर काय आहे ते ओळखावे

ट्रेलर ही जाहिरात आहे, हे सर्वांना ठाऊक असते आणि पाहताना कोणाच्याही लक्षात राहत नाही. न्यायालयात मात्र हा प्रश्न थेट उभा राहिला होता. ‘फॅन’ या २०१६ सालच्या हिंदी चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये ‘जबरा फॅन’ हे गाणे होते, परंतु प्रत्यक्ष चित्रपटात ते नव्हते. मुलांना घेऊन गेलेल्या एका शिक्षिकेने फसवणूक झाल्याची तक्रार केली आणि ग्राहक आयोगाने तिला दहा हजार रुपये भरपाई व पाच हजार रुपये खर्च मंजूर केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा २२ एप्रिल २०२४ रोजी तो आदेश रद्द झाला. ट्रेलर हा निर्मात्याने प्रेक्षकापुढे ठेवलेला कराराचा प्रस्ताव नव्हे, त्यामुळे ट्रेलरमधील प्रत्येक गोष्ट चित्रपटात असलीच पाहिजे असा हक्क प्रेक्षकाला मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला हा निकाल रुचो वा न रुचो, लिहिणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा. ‘चित्रपटात अमुक गाणे आहे’ असे ट्रेलरवरून लिहिणे धोक्याचे आहे. ‘ट्रेलरमध्ये अमुक गाणे आहे’ एवढेच लिहिता येते.

दुसरे असे की, ट्रेलर पुष्कळदा चित्रपटाच्या संकलकाने केलेलाच नसतो. ते काम करणारे वेगळे लोक आणि वेगळ्या संस्था असतात. त्यांच्या हाती जे साहित्य येते ते अनेकदा अपुरे असते: रंगांचे अंतिम काम राहिलेले असते, व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्ये) अर्धवट असते, पार्श्वसंगीत तयार झालेले नसते. म्हणून ट्रेलरमधील संगीतावरून चित्रपटाच्या संगीतकाराची पाठ थोपटू नये आणि कच्च्या व्हीएफएक्सवरून दिग्दर्शकाला झोडपूही नये. ट्रेलरमध्ये दिसलेले प्रसंग अंतिम संकलनात कापले जातात, हेही नित्याचेच आहे.

पाहण्याची तयारी

निर्मितीसंस्थेच्या किंवा संगीतकंपनीच्या अधिकृत वाहिनीवरील आवृत्तीच उघडावी. व्हॉट्सअॅपवर फिरणारी चित्रफीत कापलेली, चेपलेली आणि कधीकधी चाहत्यांनी जुनी दृश्ये जोडून बनवलेली असते. टीझर आहे, पहिला ट्रेलर आहे की दुसरा, मूळ भाषेतील आहे की डब केलेला, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. दाक्षिणात्य चित्रपटांचे ट्रेलर एकाच दिवशी चार-पाच भाषांत येतात, आणि हिंदी डबिंग ऐकून मूळ नटाच्या आवाजफेकीवर मत दिल्याचे वाचले की वाईट वाटते.

शक्य असल्यास हेडफोन लावावा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून खालच्या पट्टीतील नाद जवळजवळ ऐकूच येत नाहीत, त्यामुळे ज्या ठिकाणी ट्रेलर नगाऱ्यासारखा छातीवर आदळायला हवा, त्या ठिकाणी नुसती खरखर उरते. फोन आडवा धरावा, हे सांगण्याची गरज नसावी. पण आमच्याच गटात दोघे जण उभा धरून पाहत असत.

पहिल्यांदा: न थांबता, न बोलता

पहिल्या वेळी ट्रेलर अखंड पाहावा. मध्ये थांबवू नये, मागे नेऊ नये, शेजारच्याला ‘हा तोच ना?’ असे विचारू नये. संपताच, आणखी काहीही न वाचता, पाच मिनिटांत तीन-चार वाक्ये लिहावीत: काय लक्षात राहिले, कुठे कंटाळा आला, चित्रपट कशाबद्दल आहे असे वाटले आणि तो पाहावासा वाटतो की नाही.

‘आणखी काहीही न वाचता’ ही अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि पाळायला सर्वांत अवघड. ट्रेलरखालील पहिल्या तीन प्रतिक्रिया डोळ्यांखालून गेल्या की आपले मत त्यांच्याकडे झुकते, आणि ते झुकले हे आपल्याला कळतही नाही. आम्ही एकदा गंमत म्हणून गटाचे दोन भाग केले. तिघांनी प्रतिक्रिया वाचून लिहिले, दोघांनी न वाचता. वाचणाऱ्या तिघांच्याही नोंदीत ‘अंगावर काटा’ हा शब्दप्रयोग आला होता. न वाचणाऱ्या दोघांच्या अंगावर काटा आला नव्हता, त्यांना नायकाची दाढी खोटी वाटली होती. आकड्यांवरही विसंबू नये. किती लाख लोकांनी पाहिला या आकड्यात पैसे मोजून दाखवलेल्या जाहिरातींतून आलेली गर्दीही मिसळलेली असू शकते, आणि नापसंतीचा आकडा तर यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून लोकांना दाखवणेच बंद केले आहे.

दुसऱ्यांदा: डोळे मिटून

आता पडद्याकडे पाठ करावी आणि केवळ ऐकावे. बहुतेक ट्रेलरचा सांगाडा आवाजातच असतो. सुरुवातीला संथ सूर आणि एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे निवेदन; मग काहीतरी बिनसल्याची चाहूल; मग एकदम शांतता; त्या शांततेत एकच वाक्य; त्यानंतर चढत जाणारा ताल, प्रत्येक ठोक्याला एक दृश्य; शेवटी नावाची पाटी आणि तिच्यामागून एखादा विनोद किंवा दचका. हा साचा इतका रुळलेला आहे की डोळे मिटून ऐकताना पुढचा ठोका कधी पडणार हे सांगता येते. साचा वापरला म्हणून ट्रेलर वाईट ठरत नाही. आरतीची चालही सर्वांना पाठच असते. मात्र एखाद्या ट्रेलरने ही चाल मोडली असेल, उदाहरणार्थ शेवटची चढण टाळून एखादा संवाद संथपणे पूर्ण होऊ दिला असेल, तर ते नोंदवावे, कारण तेथे कोणीतरी विचार केलेला असतो.

ऐकतानाच संवादांची यादी करावी आणि पुन्हा पाहताना प्रत्येक संवादापुढे एक खूण करावी: बोलणाऱ्याचे ओठ दिसतात की नाही. ओठ दिसत नसतील, म्हणजे संवाद चालू असताना पडद्यावर पाठमोरा माणूस, समुद्र किंवा धावणारी गाडी असेल, तर तो संवाद त्या प्रसंगातला असेलच असे नाही. कधी तो चित्रपटात दुसऱ्याच ठिकाणी असतो, तर कधी केवळ ट्रेलरसाठी ध्वनिमुद्रित केलेला असतो. माझ्या त्या फसलेल्या सहलीचा ट्रेलर मी नंतर या पद्धतीने तपासला. सासऱ्याचा तो शेवटचा टोमणा काळ्या पडद्यावर होता, आणि चित्रपटात तो कोठेच नव्हता.

तिसऱ्यांदा: आवाज बंद करून

ही पायरी मला सर्वांत आवडते, आणि नवख्यांनी येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. आवाज गेला की ट्रेलरची मोहिनी उतरते आणि जोडकाम दिसू लागते.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने कधी सूपच्या बशीला, कधी शवपेटीला, कधी एका स्त्रीच्या दृश्याला जोडला, आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असे सांगतात. ट्रेलर या युक्तीवरच जगतो. नायिका डबडबलेल्या डोळ्यांनी वर पाहते, पुढच्या दृश्यात नायक बॅग घेऊन पायऱ्या उतरतो, आणि आपण मनात ‘ताटातूट’ असे लिहून मोकळे होतो. ती कदाचित कांदा चिरत असेल.

हे तपासण्याचा मार्ग सोपा आहे. संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविरामाची आणि पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेका चौकटीने मागेपुढे सरकते. एकमेकांशी बोलत असल्याचे भासणारी दोन माणसे समोर आली की त्यांच्या दृश्यांमधील चार गोष्टी ताडून पाहाव्यात: उजेड कोणत्या बाजूने येतो, मागे भिंत कसली आहे, कपडे कोणते आहेत आणि केसांची ठेवण काय आहे. एकाच्या खांद्यावर सकाळचे कोवळे ऊन आणि दुसऱ्याच्या मागे ट्यूबलाइट असेल, तर ते दोघे एका खोलीत नाहीत. एका ट्रेलरमध्ये वडील मुलाला थोबाडीत मारतात असे आम्हा सर्वांना वाटले होते. चौकटी सरकवल्यावर दिसले की हात उगारणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ होते, आणि गालावर बसणाऱ्या हाताच्या मनगटावर लाल दोरा. आमच्यातील एका काकांनी तेव्हाच वहीत लिहिले, ‘मारणारा बाप नव्हे.’ चित्रपटात तो मोठा भाऊ निघाला.

याच फेरीत दृश्ये मोजावीत. दीडशे सेकंदांच्या ट्रेलरमध्ये दीडशे तुकडे असतील तर सरासरी प्रत्येकाला एक सेकंद मिळतो, आणि एका सेकंदात अभिनय कळत नाही, फक्त वेशभूषा कळते. म्हणून अभिनयाबद्दल लिहायचे असेल तर ट्रेलरमधील सर्वांत लांब अखंड दृश्य शोधावे आणि तेवढ्यापुरतेच बोलावे. ते चार सेकंदांचे असेल तर चार सेकंदांइतकेच मत असावे.

गोव्याच्या डोळ्याने

गोव्यात बसून ट्रेलर पाहणाऱ्याला एक जादा सोय आहे, कारण निम्म्या हिंदी ट्रेलरमध्ये कोठेतरी गोवा येतोच. पाहावे ते बारीकसारीक. भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, खासगी वाहनाची पांढरी पाटी आणि काळी अक्षरे. नायक स्वतःला पणजीचा म्हणवतो आणि काळ्या पाटीच्या स्कूटरवरून फिरतो, तेव्हा एक तर तो खोटे बोलणारे पात्र आहे, नाही तर कलाविभागाने कष्ट घेतलेले नाहीत. दोन्ही शक्यता नोंदवाव्यात. दोनापावलच्या धक्क्यावर सुरू झालेली धावाधाव पुढच्याच क्षणी फोंतेयनच्या गल्लीत पोहोचली, तर मधले सहा-सात किलोमीटर कोठे गेले हे विचारण्याचे कारण नाही, ती सिनेमाची मुभाच आहे. पण त्या दोन दृश्यांत कथेचे सातत्य नाही, एवढे त्यावरून कळू शकते. सड्यावरचे गवत वाळून पिवळे झालेले असताना नायक-नायिका धो धो पावसात भिजत असतील, तर तो पाऊस टँकरचा आहे आणि चित्रीकरण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास झाले असावे.

भाषेच्या बाबतीत तर आपण अधिक सावध असले पाहिजे. मालवणीतील ‘माका’ आणि गोव्याच्या कोकणीतील ‘म्हाका’ यांतील फरक मुंबईच्या समीक्षकाच्या कानाला जाणवेलच असे नाही. सीमेवरच्या पेडण्याच्या माणसाला तो लगेच जाणवतो. कोकणात घडणाऱ्या मराठी चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये पात्र एका वाक्यात मालवणी आणि पुढच्या वाक्यात पुणेरी बोलत असेल, तर ते नक्की लिहावे, वाक्य उद्धृत करून लिहावे. मात्र गोव्यातील ख्रिस्ती पात्र म्हणजे बाटली, टोपी आणि मोडके हिंदी, असे दाखवणाऱ्या ट्रेलरवर केवळ संतापून भागत नाही. किती दृश्यांत तसे दिसले, त्याला नाव आहे का, त्याच्या तोंडी विनोदाखेरीज एखादे वाक्य आहे का, हे मोजून लिहिले तर आक्षेपाला वजन येते.

पाट्या आणि ठसे

ट्रेलरमधील मजकूर लोक वाचत नाहीत. थांबवून वाचावा. ‘यांच्या निर्मात्यांकडून’ अशी पाटी असेल तर ती निर्मात्याबद्दल आहे. दिग्दर्शक पहिलटकर असू शकतो. ‘सत्य घटनेवर आधारित’ आणि ‘सत्य घटनांनी प्रेरित’ यांत अंतर आहे. महोत्सवांची नावे ज्या दोन पानेरी डहाळ्यांच्या चिन्हात देतात, त्यातील अक्षर न् अक्षर पाहावे, कारण निवड झाली म्हणजे पुरस्कार मिळाला असे नव्हे.

चित्रपटगृहात दाखवल्या जाणाऱ्या ट्रेलरला सेन्सॉर मंडळाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. सुरुवातीला दिसणारे प्रमाणपत्र त्या ट्रेलरचे असते, चित्रपटाचे नव्हे. घरात लहान मुले असतील त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा) या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले आहेत, आणि मुलांना न्यावे की नाही हे चित्रपटाच्या प्रमाणपत्रावरूनच ठरवावे.

लिहिणे

तीन फेऱ्या झाल्यावर, म्हणजे साधारण अर्ध्या तासाने, लिहायला बसावे. दीडशे ते अडीचशे शब्द पुरेत. ट्रेलरपेक्षा त्यावरचा लेख वाचायला जास्त वेळ लागू नये, असे माझे मत आहे, जरी प्रस्तुत लेख त्या कसोटीला उतरत नसला तरी. मजकुरात पाहिलेले, वाटलेले आणि ताडलेले या तीन गोष्टींची क्रियापदे वेगळी ठेवावीत. माझ्या वहीतील एक नोंद नावे वगळून देतो:

‘पहिला ट्रेलर, मूळ मराठी, २ मिनिटे १८ सेकंद. पाहिले: एक निवृत्त पोस्टमन जुन्या पत्त्यावर एक पत्र द्यायला निघतो, तीन गावे, एक होडी, दोनदा पाऊस. सर्वांत लांब दृश्य सात सेकंदांचे, म्हातारा चहाची बशी दोन्ही हातांनी धरून फुंकर घालतो. वाटले: त्या सात सेकंदांसाठी चित्रपट पाहावा. शेवटचे ढोल अनाठायी. ताडले: पत्र त्याने स्वतःच लिहिलेले असावे, कारण पाकिटावरील अक्षर आणि त्याच्या डायरीतील अक्षर एकच दिसते. गाणे एकच ऐकू आले, ते चित्रपटात असेलच असे नाही.’

या नोंदीचा जाहीर लेख करताना मी ‘ताडले’ हा भाग गाळला, कारण अंदाज बरोबर ठरला असता तर वाचकाचा रसभंग झाला असता. चौकटी थांबवून मिळवलेली माहिती स्वतःच्या वहीत ठेवावी. ती चारचौघांत सांगण्याची हौस आवरावी. समीक्षेसाठी एखादी स्थिर चौकट किंवा संवादाचा तुकडा उद्धृत करण्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे, पण आख्खा ट्रेलर स्वतःच्या नावाने चढवणे त्यात बसत नाही. ‘ब्लॉकबस्टर’, ‘धुमाकूळ’, ‘प्रेक्षकांची उत्सुकता शिगेला’ हे शब्द प्रसिद्धीपत्रकांचे आहेत, ते त्यांनाच लखलाभ.

इफ्फीच्या आठवड्यात

नोव्हेंबर महिन्यात ही पद्धत आखूड करावी लागते. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, गोव्यात भरतो, आणि प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवलेल्या प्रत्येकापुढे तोच पेच असतो: एकाच वेळी चार पडद्यांवर चार अनोळखी देशांचे चित्रपट, आणि जागा आगाऊ राखून ठेवायची. अशा वेळी मी दोनच फेऱ्या करतो, एक अखंड आणि एक आवाज बंद करून. परदेशी कलात्मक चित्रपटांचे ट्रेलर अनेकदा वितरकांना आणि खरेदीदारांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, त्यामुळे त्यांत कथा कमी आणि पुरस्कार अधिक असतात. तेथे मी फक्त सर्वांत लांब दृश्य पाहतो. एखाद्या ट्रेलरकर्त्याला वीस सेकंद न कापता ठेवण्याजोगे काही सापडले असेल, तर मी त्या चित्रपटासाठी पणजीतील जुन्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात रांगेत उभा राहतो. या निकषाने मला दोनदा झोप आणली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

उजवे पान

चित्रपट पाहून आल्यावर त्याच रात्री डावे पान उघडावे. खोडाखोड करू नये. ट्रेलरमधील कोणती दृश्ये चित्रपटात नव्हती, कोणता संवाद दुसऱ्याच पात्राचा निघाला, कोणत्या अंदाजाला आपण फसलो, हे समोरच्या पानावर लिहावे. दहा-बारा चित्रपटांनंतर आपल्या चुकांची जात दिसू लागते. मी विनोदाला भुलतो, हे माझ्या वहीने मला तीन वेळा दाखवले आहे. आमच्या गटातील एक वहिनी जुन्या वाड्यांना भुलतात, ट्रेलरमध्ये लाकडी जिना दिसला की त्यांचे तिकीट काढून झालेले असते.

लहान मराठी चित्रपट गोव्यात कधी एका आठवड्यापुरते, एकाच खेळाला लागतात, आणि तो खेळ दुपारी साडेतीनचा असतो. अशा वेळी उजवे पान कोरे राहते. ते फाडू नये, त्यावर दुसरे काही लिहूही नये. चित्रपट ओटीटीवर येण्यास वर्ष लागले तरी जागा राखून ठेवावी. त्या पोस्टमनचे पान माझ्या वहीत अजून कोरेच आहे.